तीन कार्डं आणि एकटी यमुनाक्का

सकाळपासून लाइट तीनदा गेली होती, गिरणीत चार जणींची दळणं रांगेत होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. बघते तर नाव आलेलं, 'पट्टा दुरुस्ती'. हे नाव मीच घातलेलं. पट्टा दुरुस्ती म्हणजे जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या लोखंडे सिस्टर. त्यांचं खरं नाव फोनमध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण माझा फोन गिरणीत कुणीही उचलायचं. मी तेव्हा सात वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या खात होते आणि हे गावात फक्त दोघींना ठाऊक होतं.

"शालन, ऐकू येतंय का गं?" सिस्टर पलीकडून ओरडल्या.

"येतंय, बोला! पट्टा आला का?" मीही ओरडले. चौघी बायका माझ्याकडंच बघत होत्या.

"पट्ट्याचं राहू दे. तुझा रिपोर्ट आलाय. मागच्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली होतीस ना, त्याचा. पॉझिटिव्ह आहे."

मी हात लांब करून गिरणीचं बटण बंद केलं. दळण अर्धवट असताना मी गिरणी कधी बंद केली नव्हती, अगदी नवरा वारल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा कुसुमकाकींचे गहू पुरे करूनच बाहेर पडले होते. एकदम सगळं शांत झालं.

"काय झालं गं शालन?" कुसुमकाकींनी विचारलं.

"काय व्हायचंय? मेल्यांनी पट्टा चुकीच्या मापाचा पाठवलाय," म्हणत मी मागच्या दारानं बाहेर पडले.

सिस्टर समजावून सांगत होत्या. घाबरू नकोस, हा काही कॅन्सर नव्हे. पुढं कधीतरी कॅन्सर करू शकेल असा विषाणू सापडलाय, एवढंच. गुरुवारी ये, मॅडम औषध लावून नीट बघतील, डाग असला तर तिथल्या तिथं शेकून काढतील, मिनिटाचं काम आहे. भूल नाही, टाका नाही, काही नाही. मी नुसतं बरं, बरं म्हणत होते. फोन ठेवला आणि मटकन पोत्यावर बसले.

अडचण एकच होती. मी ती तपासणी केलीच नव्हती. मागच्या महिन्यात मी दवाखान्याची पायरीसुद्धा चढले नव्हते.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला घाम फुटला होता.

आमची तिघींची बारी होती. मी, यमुनाक्का आणि जुलेखा. यमुनाक्का माझ्याच गावची, पन्नाशीला आलेली, द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी. तिला पहिल्यांदा मी पाहिलं ते दवाखान्याच्या बाकावर. ती तोंडावर पदर ओढून बसली होती आणि मीही. एकाच वेशीतून बाहेर पडलेल्या दोघी, तासभर एकमेकींना ओळख न दाखवता शेजारी बसलो. शेवटी सिस्टरनी गावासकट दोघींची नावं मोठ्यानं पुकारली, तेव्हा यमुनाक्का पदर काढून म्हणाली, "शालन, तासभर गुदमरून मेले की गं! आधीच बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" तिथून आमची जोडी जमली. जुलेखा दोन वर्षांनी आली. आमच्याच गावात स्टँडमागच्या गल्लीत ब्लाउज शिवायची, अठ्ठावीस वर्षांची पोर, लाजरी पण डोक्यानं तल्लख.

दर महिन्याला तिघींनी बसमधून जायचं म्हणजे गावाच्या डोळ्यांवर येणार. म्हणून आम्ही बारी लावली. एकीनं तिन्ही कार्डं घेऊन जायचं, तिघींच्या गोळ्या आणायच्या, जुलेखाच्या कापडाच्या पिशवीत घालून वाटायच्या. सिस्टरना हे माहीत होतं. त्यांची अट एकच, तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकीचं तोंड दिसलं पाहिजे. ते बारीनं आपोआप दिसायचं.

त्या महिन्यात बारी यमुनाक्काची होती. आणि सिस्टर गेले सहा महिने आमच्या मागं लागल्या होत्या. त्या म्हणायच्या, तुमच्यासारख्या बायकांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त होतो, तो आत वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून आधीच बघून घ्यायचं. मला पटत नव्हतं असं नाही. पण मला भीती होती, अगदी खरी भीती. माझ्या पोरीच्या, वर्षाच्या वेळी पोटुशी होते तेव्हा नुसतं रक्त तपासायला गेले होते. धडधाकट बाई आत गेली आणि चिठ्ठी घेऊन बाहेर आली. मग नवऱ्याचं तपासलं, त्याचंही निघालं. पुढं काय काय झालं ते सांगत बसत नाही. पोर तेवढी ठणठणीत निघाली, आणि मला गोळ्या सुरू झाल्या त्या पुढं बऱ्याच वर्षांनी. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की शोधलं की सापडतं. म्हणून शोधायचंच नाही. मला पोरीला दहावी पास करायची होती, गिरणी चालवायची होती, मला आणखी एक चिठ्ठी नको होती.

म्हणून त्या सकाळी एसटीच्या थांब्यावर कार्ड देताना मी यमुनाक्काला म्हणाले, "तपासणीचं विचारलं तर सांग, शालनला अडचण आलीया."

"आणि न्हाईच ऐकलं तर? ती लोखंडे सिस्टर सोडती व्हय कुणाला?"

"तर मग काहीतरी कर माझी आई, पण मला यातनं सोडव."

जुलेखानंही मान खाली घालून कार्ड दिलं. बास, एवढंच आम्हांला माहीत.

त्यामुळे 'पट्टा दुरुस्ती'चा फोन आल्यावर मी कशीबशी दळणं संपवली, गिरणीला कुलूप लावलं आणि तडक बागेकडं निघाले. फेब्रुवारी चालू होता, द्राक्षाची तोडणी जोरात होती. पॅकिंगच्या शेडमध्ये यमुनाक्का पोत्यावर मांडी घालून घडातले खराब मणी कात्रीनं काढत बसली होती. जेवणाची सुट्टी असल्यानं बाकीच्या बायका विहिरीकडं गेल्या होत्या. जुलेखा तिच्यासमोर उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आक्का, मला फोन आला," मी म्हणाले.

"मलापण," जुलेखा म्हणाली.

"मलाबी," यमुनाक्का म्हणाली आणि कात्री चालवत राहिली.

"तू नेमकं केलंस तरी काय तिथं?"

"तूच म्हनलीस की, काहीतरी कर. केलं मी काहीतरी."

"आक्का!"

"आता ओरडू नगंस, सांगते. शिबिराचा दिस होता. ही गर्दी! तीन पडदे लावलेले, तीन टेबलं, आन डॉक्टरणी समद्या बाहेरगावच्या. कुणाला कुणाचं तोंड ठावं न्हाई. सिस्टर दारात उभी, म्हणती, तिन्ही कार्डांवर शिक्का पडल्याबिगर गोळ्या मिळायच्या न्हाईत. म्हनलं, त्या दोघी हायत की मागं रांगेत. मग काय करू? पहिल्या पडद्यात माझं कार्ड दिलं. बाहेर आले, पदर डोईवरनं घेतला, दुसऱ्या पडद्यात तुझं दिलं."

"माझ्या नावानं तू झोपलीस?"

"मग? एवढ्या लांबनं गेलेली, एका जागी तीन कामं हुत्यात तर कशाला सोडा? गोळ्या न्हाई का आणत तिघींच्या?"

"आणि माझं?" जुलेखानं विचारलं. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलायला लागला होता.

"तुझ्यापायी लई तरास पडला बघ. तिथं एक बाई बसली हुती, तिची ओढणी मागून घेतली, म्हनलं गार लागतंय. तिसऱ्या टेबलावरची डॉक्टरीण कार्ड बघती, मला बघती. म्हणती, 'जुलेखा? वय अठ्ठावीस?'"

"मग?"

"म्हनलं, 'कष्ट लई पडलं, मॅडम.'"

जुलेखा फसकन हसली. मग मलाही हसू फुटलं ते थांबेचना. मी तिथंच क्रेटवर बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता मला आतून इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही. का, तेही सांगते. मी मनात म्हणत होते, माझं नाही! माझं काही निघालेलं नाही! ते तिचं आहे!

आणि मग मी यमुनाक्काच्या हाताकडं बघितलं. बोलता बोलता तिनं अख्खा घड देठापर्यंत कातरून टाकला होता. चांगले टपोरे मणी तिच्या मांडीवर पडले होते आणि कात्री अजून चालूच होती.

"आक्का, म्हणजे तिन्ही रिपोर्ट तुझेच," मी हळूच म्हणाले.

"माझंच की. दुसरीचं कुठनं आणू?" ती म्हणाली. "असू दे. गुरवारी जाते मी. तिन्ही कार्डं द्या, काय शेकायचं ते शेकून येते आन तुमचीबी नावं मिटवून येते."

मला लाज वाटते सांगायला, पण क्षणभर माझ्या मनात आलं, जाऊ दे तिला. कार्ड द्यायचं आणि गिरणी चालू करायची. सिस्टरना कळलं असतं तर त्यांनी बारी मोडली असती, आणि मग दर महिन्याला तिघींनी गावासमोरून जायचं, लोकांना कारणं सांगायची. सगळं झाकलेलं उघडं पडलं असतं. नुसतं गप्प बसलं की सगळं ठीक.

"तिला एकटीला पाठवायचं?" जुलेखानं मला विचारलं. एवढंच विचारलं, पण माझ्याकडं असं बघितलं की मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

यमुनाक्काला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर भावाच्या घराच्या एका खोलीत राहायची. तिच्याबरोबर दवाखान्यात जाईल असं माणूस आमच्याशिवाय नव्हतंच.

"तिघी जाऊ," मी म्हणाले. "आणि खरं काय ते सांगून टाकू."

"मग बारी?" यमुनाक्कानं विचारलं.

"बारी गेली खड्ड्यात."

गुरुवारी आम्ही पहिल्यांदाच तिघी एका बसमध्ये चढलो. गावाला सांगितलं, यमुनाक्काच्या भाच्यासाठी मुलगी बघायला चाललोय. जुलेखानं तर त्या मुलीचं शिक्षण, उंची, मामाचं गाव सगळं ठरवून ठेवलं होतं, कुणी विचारलंच तर गडबड नको म्हणून. कंडक्टरनं विचारलंही, आणि यमुनाक्कानं ऐटीत सांगितलं, "पोरगी बी.ए. हाय, पर भात करपवती म्हणं. बघू."

दवाखान्यात लोखंडे सिस्टरनी आमचे तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सिस्टर उंच, ताठ, चष्मा दोरीला बांधलेला. शेजारी इनामदार मॅडम बसल्या होत्या. तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या.

"मॅडम, हे बघा," सिस्टर काळजीनं म्हणाल्या. "एकाच गावच्या तिघी आणि तिघींना एकाच जातीचा विषाणू. अगदी छापून काढल्यासारखं. मला वाटतं, त्या भागात वेगळं शिबिर घ्यायला पाहिजे."

"एकाच बाईचा हाय तर एकाच जातीचा असनार की," यमुनाक्का म्हणाली.

सिस्टरनी चष्मा काढला. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. पडदे, पदर, ओढणी, काही ठेवलं नाही. सांगताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडंच बघत होते. सिस्टरचा चेहरा लाल होत गेला. मी थांबले, तशी त्यांनी जी सुरुवात केली ती बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेली असणार.

"अक्कल आहे का तुम्हांला? ही काय रेशनची साखर आहे, एकीनं तिघींची घेऊन जायला? दुसऱ्याच्या नावानं कुणी गर्भपिशवी तपासून घेतं? मी सहा महिने घसा कोरडा केला तो कशासाठी? आजपासून तुमची बारी बंद!"

"बंद तर बंद," मी म्हणाले. "पण आक्काला आधी बघा."

इनामदार मॅडम इतका वेळ खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. शेवटी त्यांना राहवेना, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "अठ्ठावीस वर्षांची जुलेखा तुम्हीच का?" त्यांनी यमुनाक्काला विचारलं. "त्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, एक पेशंट बघून फार वाईट वाटलं म्हणून." मग सिस्टरसुद्धा हसल्या. हसत हसत रागावत राहिल्या, पण बारीचं पुन्हा नाव काढलं नाही.

यमुनाक्का आत गेली. पडद्यामागून तिचा आवाज येत होता. मॅडमना ती विचारत होती, तुमचं लग्न झालंय का, माझा भाचा हाय. वीस मिनिटांत बाहेर आली. डाग होता, छोटा होता, शेकून काढला. सहा महिन्यांनी परत दाखवायचं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "चुलीवर भाकरी करताना याच्यापरीस जास्त भाजतंय."

मग जुलेखा गेली. ती स्वच्छ निघाली. बाहेर येऊन तिनं दोन्ही हात वर करून दुवा मागितली आणि यमुनाक्काच्या गळ्यात पडली.

"शालन," सिस्टरनी हाक मारली.

"सिस्टर, मी पुढच्या गुरुवारी येते," मी उठत म्हणाले. "गिरणी बंद आहे, पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. आणि मला तर काहीच त्रास नाही."

यमुनाक्कानं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. बागेत काम करून करून तिच्या हाताला ताकद होती.

"शालन, बस खाली."

"आक्का, सोड. तुला नाही कळायचं. शोधलं की सापडतं."

"मला न्हाई कळत? मला कालपरवाच सापडलंय, बये." तिनं आवाज खाली आणला. "तुझ्या नावानं मी तिथं पाय वर करून झोपले. मला लाज वाटली न्हाई? मला भ्या वाटलं न्हाई? तीनदा वाटलं. एकदा माझं, एकदा तिचं, एकदा तुझं. आता तुझ्या नावानं तू झोप."

मी गेले.

आत मॅडम फार हळुवार बोलत होत्या. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या, आता गार लागेल, आता थोडं चुरचुरेल, हे औषध व्हिनेगरसारखंच असतं, एक मिनिट थांबायचं. मी छताकडं बघत होते. ते एक मिनिट मला फार लांब वाटलं. मॅडम बघत होत्या आणि बोलत नव्हत्या.

"आहे ना?" मी विचारलं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "आक्कांच्यापेक्षा मोठा आहे. पण शेकून निघण्यासारखा आहे, अजून आत गेलेला दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी आला असतात तर मी हे खात्रीनं म्हणू शकले नसते."

"मी म्हणाले नव्हते, शोधलं की सापडतं?" माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

"हो. आणि सापडलं म्हणून आज जाणार. काढू?"

"काढा."

पोटात कळ आली, पाळीच्या दिवसांत येते तशी. मॅडमनी मोठ्यानं अंक मोजले. पन्नासपर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, झालं. इतकंच होतं ते. ज्याच्या भीतीनं मी सहा महिने कारणं देत होते, यमुनाक्काला पुढं केलं होतं, ते सगळं अंक मोजून संपेपर्यंत झालं.

बाहेर आले तर यमुनाक्का आणि जुलेखा दाराशीच उभ्या.

"काय?" यमुनाक्कानं विचारलं.

"मलापण होता," मी म्हणाले. "मोठा होता. काढला."

मला वाटलं, ती आता काहीतरी फटकळ बोलेल, हसवेल. पण यमुनाक्का एकदम खाली बसली. तिथंच, फरशीवर, भिंतीला टेकून. सकाळपासून बसमध्ये, सिस्टरपुढं, टेबलावरसुद्धा हसत असलेली बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. जुलेखा घाबरली. मी तिच्याजवळ बसले.

"आक्का, अगं काढला म्हणते ना! मी बरी आहे. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलीस."

"ते न्हाई गं," ती हुंदके देत म्हणाली. "माझं चांगलं निघालं असतं तर?"

"तर काय? तर बरंच झालं असतं."

"न्हाई, शालन." तिनं माझे दोन्ही हात धरले. "माझं चांगलं निघालं असतं, तर तुझ्या कागदावर बी चांगलंच लिवून आलं असतं. तू तो कागद कपाटात ठेवून गिरणी चालवत बसली असतीस. आन मी माझ्या हातानं तुला मारली असती गं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मागच्या महिन्यात तिला काही सापडलं नसतं, तर मला कुणी बोलावलं नसतं आणि मी आनंदानं गेले नसते. माझ्या पोरीची दहावी झाली असती, बारावी झाली असती, आणि आत ते गुपचूप वाढत राहिलं असतं. माझ्या नावावर शिक्का असता की बाई ठीक आहे.

जुलेखा पण आता रडत होती. जाणारे-येणारे आमच्याकडं बघत होते, कुणाचं माणूस गेलं म्हणून. आणि तरी माझ्या आतून हसू वर येत होतं.

"आक्का," मी म्हणाले, "फार बरं झालं बघ तुझं वाईट निघालं."

तिनं मान वर केली. मग ती अशी काही हसली की तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की सिस्टर आतून ओरडल्या, "अहो, आत्ताच शेकलंय तिला, जरा सांभाळून!"